मदत हवी आहे: सातवीला समोच्च रेषा प्रोजेक्टरवर कशा शिकवू?

नमस्कार मंडळी. हडपसरच्या बाजूला एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी सातवीला भूगोल शिकवते. सध्या समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, शिकवायच्या आहेत. यंदा देणगीतून शाळेला प्रोजेक्टर मिळाला. इंटरनेट आहे, पण ते ऑफिसातल्या संगणकापुरतं. वर्गात माझ्याच मोबाईलचा हॉटस्पॉट आणि घरचा जुना लॅपटॉप. पट पन्नासच्या आसपास.

पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन करून व्हिडिओ लावला की वर्ग चिडीचूप होतो. मुख्याध्यापिका खूश. मला मात्र ती शांतता खटकते. व्हिडिओ संपल्यावर "रेषा जवळजवळ असल्या तर उतार कसा?" विचारलं की सगळे एका सुरात "तीव्र!" म्हणतात. मग हातात नकाशा दिला की त्यातलीच निम्मी मुलं समोच्च रेषेला नदी तरी म्हणतात, नाहीतर रस्ता. एकाने तर सरळ विचारलं, "बाई, आम्ही सिंहगडावर गेलो होतो, तिथे या रेषा कुठेच नव्हत्या." बरोबरच आहे त्याचं!

बाजूने दिसणारा डोंगर वरून बघताना रेषांचा कसा होतो, हे मुलांसमोर घडायला हवं. मध्येच थांबवून विचारता यायला हवं, आणि त्यात मुलांचेही हात हवेत. तयार व्हिडिओंची यादी नको, ती माझ्याकडे ढीगभर आहे.

दोन रडगाणी आणखी. शाळा दुपारची, खिडक्या पश्चिमेला, पडदे नाहीत. उन्हात चित्र पार फिकं पडतं. दुसरं म्हणजे मोबाईल थेट जोडायला टाईप-सी ते एचडीएमआय केबल आणली, तर पडद्यावर काहीच येत नाही. दुकानदार म्हणतो केबल चांगली आहे.

'स्मार्ट बोर्ड घ्या' हा सल्ला कृपया नको. पैसे नाहीत.

प्रतिसाद १

ताई, दुकानदार खरं बोलतोय. टाईप-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून चित्र बाहेर येतंच असं नाही. मोबाईलमध्येच ती सोय असावी लागते आणि स्वस्तातल्या बऱ्याच मोबाईलमध्ये ती नसते. कितीही केबली बदला, उपयोग नाही.

तुमच्याकडे लॅपटॉप आहे ना, मग काम फुकटात होईल. 'स्क्रीन कॉपी' असा उच्चार असलेला एक मुक्त प्रोग्राम आहे, स्पेलिंगमध्ये स्वर नाहीत, एससीआरसीपीवाय असं शोधा. मोबाईलच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करायचं, चार्जिंगची केबल लॅपटॉपला लावायची, की मोबाईलची स्क्रीन लॅपटॉपवर दिसते आणि तिथून प्रोजेक्टरवर. इंटरनेट लागत नाही. अँड्रॉइड हवा, आयफोनला हे चालत नाही.

उजेडाचं म्हणाल तर खिडकीसमोरची भिंत सोडा. पश्चिमेचं ऊन जिच्यावर थेट पडत नाही अशी भिंत घ्या, म्हणजे खिडक्यांच्याच बाजूची, नाहीतर उत्तर-दक्षिणेची. प्रोजेक्टर काळा रंग 'टाकू' शकत नाही. भिंतीवर जेवढा उजेड आधीच आहे तोच त्याचा काळा, म्हणून चित्र फिकं दिसतं. पडदा म्हणून जुना फ्लेक्स उलटा लावा, मागून पांढरा आणि न चमकणारा बघून. पुण्यात वाढदिवसाच्या फ्लेक्सना तोटा नाही. 😀

प्रतिसाद २

मी तेवीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालो. बाई, तुमचा अर्धा पाठ मुलांना दिवाळीपासून येतोय. किल्ला करतातच की!

एका पसरट, पारदर्शक डब्यात मातीचा छोटा डोंगर करायला लावा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला सौम्य उतार. दगडविटांवर चिखल लिंपून केलात तर पाण्याने ढासळतो, म्हणून शाडू घ्या आणि आदल्या दिवशी करून ठेवा. डब्याला बाहेरून एकेक सेंटिमीटरच्या खुणा. आता पहिल्या खुणेपर्यंत पाणी ओता आणि पाण्याची कड जिथे मातीला टेकते तिथून एका मुलाला काडीने रेघ ओढू द्या. मग दुसरी खूण, दुसरा मुलगा. शेवटी पाणी काढून टाका, डोंगरावर रेषा दिसतील.

प्रोजेक्टर इथे आणा. मोबाईल डब्याच्या बाजूला धरून कॅमेरा चालू करा, रेषा एकावर एक रचलेल्या दिसतील. मग मोबाईल हळूहळू वर न्या. बरोबर डोक्यावर आलात की सगळ्या रेषा एकात एक बसतात, कड्याकडे दाटी, उताराकडे ऐसपैस. समोर नकाशाच तयार! निम्म्यावर थांबून "आता कुठल्या बाजूने चढाल?" असं विचारा, बघा कशी भांडतात. मी हे डब्याभोवती दहा-दहाची टोळकी उभी करून करायचो, मागच्यांना काही दिसायचं नाही. तुमच्याकडे पडदा आहे.

सिंहगडवाल्या मुलाला पाणी ओतायला द्या.

प्रतिसाद ३

वरच्या सरांशी सहमत. त्यानंतर खरा डोंगर दाखवायचा तर सिंहगडाच्या आधी पर्वती घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर लगतच्या दोन रेषांत २० मीटर उंचीचा फरक असतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर आणि पर्वतीचा माथा ६४० च्या आसपास, म्हणजे चारेक रेषांत टेकडी संपते. मुलांना मोजता येतं. सिंहगड १३०० मीटरच्या वर, तिथे रेषांचा गिचका होतो.

गुगल अर्थ प्रो लॅपटॉपवर फुकट मिळतं. वर्गात हॉटस्पॉटवर चालवू नका, चित्र येईपर्यंत तास संपेल. घरी टेकडी बाजूने बघत सरळ वर जायचं आणि तेवढीच स्क्रीन रेकॉर्ड करायची, आवाज न घेता. बोलायचं तुम्ही. त्याच जागेचा ओपन टोपो मॅपवरचा भाग पेन ड्राइव्हवर घेऊन शेजारी ठेवा, त्यात समोच्च रेषा असतात. अर्थमध्ये उंची फुगवून दाखवायची सेटिंग आहे, ती १ वर ठेवा, नाहीतर पर्वतीचा हिमालय होतो.

धागाकर्ती

तिघांचे मनापासून आभार. केबलचं कोडं सुटलं. काल घरी स्क्रीन कॉपी चालवून पाहिलं, चित्र किंचित मागे राहतं, पण चालण्यासारखं आहे. फ्लेक्स शोधायला शिपाईमामांना सांगितलंय, ते म्हणाले "किती हवेत?"

सर, शाडूची कल्पना फारच आवडली. एक शंका: रेघ ओढेपर्यंत पाणी गढूळ होणार नाही का? आणि चाचणीला पर्वती देता येणार नाही, ती पाठ झालेली असेल. कुठला डोंगर देऊ?

प्रतिसाद २

पाणी भांड्याच्या कडेने ओता, मातीवर नको. थोडं गढूळ झालं तर उलट चांगलं, पाण्याची कड कॅमेऱ्यात ठळक दिसते.

चाचणीला वेताळ टेकडी. नाव न सांगता फक्त रेषा द्या आणि विचारा: आजोबांना कुठल्या वाटेने न्याल? तिथे जुनी खाण आहे, रेषा एकदम दाटतात. जी मुलं तिथून वाट काढतील त्यांना परत डब्याजवळ बोलवा.