सेकंड हॅन्ड गाडीचा अलार्म पहाटे बोंबलते, वायरी कापून टाकू का?

वावरवाला_दारव्हा

राम राम मंडळी. दिवाळीच्या तोंडावर नागपूरहून जुनी वॅगनआर आणली, २०१२ चं मॉडेल, एमएच ३१ पासिंग. इंजिन ठणठणीत. पण पहिल्या मालकानं बाहेरून अलार्म बसवून घेतला होता, त्यानं जीव खाल्ला. आठवड्यातून दोन-तीनदा, पहाटे तीन ते पाचच्या मधात, काही कारण नसताना सुरू होते. रिमोट दाबला की गप, दोन मिनिटानं पुन्हा चालू.

परवा तं हद्द झाली. बाजूच्या कोठ्यातली म्हैस दावं तोडून तुरीत घुसली. काकू दारात येऊन म्हणे, "बाप्पा, वरात कोणाची हाय?" मी चड्डी-बनियनवर दहाचा पाना घेतला अन् बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. तरी वाजूनच राह्यला! बॅटरीशिवाय! हे कसं काय?

अजून दोन गोष्टी. रिमोट काचेला चिकटवला तरच चालते. अन् मागच्या बाजारच्या दिवशी दार उघडून बसलो, एकाशी कापसाच्या भावावर बोलत होतो, मग चावी मारली तं गाडी चालूच होईना. लॉक-अनलॉक केल्यावर झाली. विकणारा म्हणते अलार्म आमचा नाही. एकच रिमोट दिला, पुस्तक नाही. गावातला मिस्त्री म्हणते सगळ्या वायरी कापू. कापू का?

वायरिंगकाका_अमरावती

कापू नका भाऊ! अलार्मचा रिले, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी डबी, बहुतेक इग्निशनच्या नाही तर स्टार्टरच्या वायरमध्ये टाकलेला असतो. तो कसा जोडला ते न पाहता कापाल तर गाडी जागेवर बसेल, मग टोचन लावून यवतमाळला न्या.

बॅटरी काढल्यावर वाजला त्यात भूत नाही. काही सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते, चोरानं मेन बॅटरी काढली तरी बोंबलावं म्हणून. बुडाशी बारीक किल्लीचं भोक असेल, बघा. किल्ली पहिल्या मालकाकडेच राहिली असणार.

दोन मिनिटानं परत का? रिमोटनं बंद केलं अन् दार उघडलं नाही, तर अलार्म थोड्या वेळानं आपला आपणच लॉक होतो. बाजारातही तसंच झालं असेल. काही मॉडेलात चावी फिरवायला उशीर केला की रिले परत लाइन तोडतो. रिमोटचा सेल आधी बदला, बारीक बारा व्होल्टचा असतो, जुना दाखवूनच घ्या.

आता मुख्य दुखणं. दिवसा गाडीशेजारून ट्रॅक्टर जाते तेव्हा वाजते का?

संत्राबाग_वरुड

आमच्याकडे वांदरं टपावर उड्या मारत, म्हणून वाजायचा. शॉक सेन्सरच्या, म्हणजे धक्का ओळखणाऱ्या, डबीवर बारीक स्क्रू असते, थोडा कमीकडे फिरवला, झालं.

वावरवाला_दारव्हा

ट्रॅक्टर रोज जाते, थ्रेशर पण गेलं. दिवसा कधीच वाजला नाही. वांदरं आहेत, पण पहाटे तीनला ते पण झोपतात.

वायरिंगकाका_अमरावती

मग शॉक सेन्सर नाही. पहाटे म्हणजे दव. बोनट उघडा. कडेला अलार्मवाल्यानं बसवलेली एक पिन दिसेल, बोनट बंद झालं की दबते. पिन वर आली की वायर बॉडीला अर्थ होते अन् अलार्मला वाटते बोनट उघडलं. तिथं गंज असला अन् ओल आली की बंद बोनटही उघडं दिसते. पिनची वायर काढा, टोकाला टेप मारा, तशीच ठेवा. वायर मोकळी असली की बोनट बंद आहे असंच तो समजते. आठ दिवस बघा.

वावरवाला_दारव्हा

काका, पिन सापडली, पण गंज तं नंतर, आधी उंदीर! वायरची साल बोटभर लांब खाल्ली होती, तांबं उघडं, पत्र्याला टेकलेलं. खाली तुरीच्या शेंगांची टरफलं. म्हणजे म्हशीच्या आधीच कोणी तरी माझ्या तुरीत जाऊन आलं होतं.

टेप मारून नऊ रात्री झाल्या, काही आवाज नाही. दोनदा दव असं पडलं की काचेवरून पाणी वाहून राह्यलं होतं. सेल बदलला, रिमोट आता ओसरीतून चालते. बाजारातल्यासारखं पुन्हा झालं नाही, पण मी पण चावी लगेच फिरवतो. रिले काढायचा असेल तं कसा?

वायरिंगकाका_अमरावती

स्टिअरिंगखाली इग्निशनची जाड वायर कापून रिलेत नेलेली दिसेल. रिले काढून तीच दोन टोकं परत जोडायची, सोल्डर अन् स्लीव्हनं. नुसता पीळ देऊन टेप मारला तर गरम होते. आधी निगेटिव्ह काढा. सायरन बोंबलेल, म्हणून दिवसा करा अन् काकूला सांगून ठेवा.