अन्नविज्ञानाच्या नियतकालिकाकडे शोधनिबंध पाठवताना

नाचणीच्या बिस्किटांवरील एक शोधनिबंध नियतकालिकाने परीक्षकांकडे, म्हणजे लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे, न पाठवताच परत केला. तो कच्च्या इंग्रजीमुळे परत आला, असे एक मत मांडले गेले आहे. मला मात्र नावीन्याचा अभाव हे कारण अधिक संभवनीय वाटते. म्हैसूर येथील अन्नशास्त्रज्ञांच्या संघटनेचे, १९६४ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ असो किंवा दुसरे कोणतेही, मैद्यात वाढत्या प्रमाणात नाचणी मिसळून प्रथिने, तंतू आणि चव मोजणारे लेख संपादकांपुढे सतत येत असतात. ग्लुटेन (मैद्यातील चिवट प्रथिन) कमी झाल्यावर पोत का बदलला, साठवणुकीत स्निग्धांश खवट का होत गेला, ही कारणमीमांसा जोडली तर त्याच प्रयोगाला वजन येते.

एकाच घाण्यातील बिस्किटे तीनदा तपासणे म्हणजे प्रयोगाची तीनदा पुनरावृत्ती नव्हे, हे विद्यार्थ्यांना आरंभीच सांगायला हवे, कारण सांख्यिकी विश्लेषणाचा पायाच तेथे डळमळतो. चवचाचणीत माणसे सहभागी होतात, म्हणून त्यांची संमती आणि नैतिकता समितीची मान्यता प्रयोगापूर्वीच घ्यावी. नंतर ती मिळवणे बहुधा अशक्य असते. आणि एका नियतकालिकाचा निर्णय येईपर्यंत तोच लेख दुसरीकडे पाठवू नये.