मदत हवी आहे: करवंदाचं कुंपण दाट झालंय पण करवंदं काही धरत नाहीत

नमस्कार मंडळी, आमचं घर राजापूरकडे आहे, आम्ही असतो पुण्यात, सासरे गावी. मागच्या परड्याला गडगा होता तो ढासळला आणि गुरं, रानडुकरं सरळ आत यायला लागली, तारेचं कुंपण खर्चाचं म्हणून सासऱ्यांनी कडेने करवंदं लावली, कातळावरच्याच करवंदांच्या बियांची रोपं करून. आता छातीएवढी उंच आणि इतकी दाट झालीत की काट्यांमुळे हात घालायची सोय नाही. कुंपण म्हणून शंभर टक्के पास. पण फळ? पाच-सहा वर्षं झाली, कुठेतरी चार करवंदं दिसतात बस्स, आणि समोरच्या कातळावरची जाळी, जिला कुणी तांब्याभर पाणी घालत नाही, ती मे महिन्यात काळीभोर लगडलेली असते, चिडचिड होते हो!

माहिती देते. माडांना ठिबक आहे त्याचंच पाणी कुंपणालाही जातं, माडांना युरिया पडतो तेव्हा यांनाही मूठ-मूठ पडतो. गडी दिवाळीत एकदा आणि शिमग्याच्या आधी एकदा एका लेव्हलला छाटून देतो. एका बाजूला आंब्याची सावली आहे. शेजारचे म्हणतात नर झाडं असतील, काढून टाका. खरंच असं असतं का? शिवाय मध्ये दोन-तीन ठिकाणी खिंडारं पडलीत, तिथे परत बी लावू की नर्सरीतून कलमं आणू?

प्रतिसाद:
काढू बिढू नका ताई. करवंदात नर-मादी झाड वेगळं नसतं, प्रत्येक फुलात दोन्ही असतं. युरिया आणि पाणी बंद करा आधी. कातळावर कोण जातं खत घालायला.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत, पण मुख्य घोळ छाटणीचा वाटतोय. करवंदाची फुलं फांदीच्या शेंड्याला झुबक्याने येतात, आपल्याकडे साधारण थंडी सरता सरता. तुमचा गडी दिवाळीत शेंडे उडवतो म्हणजे जिथे फूल यायचं तीच जागा गेली, त्यातूनही कुठे आलं तर शिमग्याला फुलासकट कोवळं फळही कोयत्याखाली. कातळावरच्या जाळीला कोयता लागत नाही एवढाच फरक. छाटायचं तर फळं उतरली की लगेच, म्हणजे मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा. मग पावसाळ्यात नवी फूट येते, ती हिवाळ्यापर्यंत तयार होते. त्यानंतर हात लावायचा नाही. सावलीतल्या भागाकडून फार आशा नको, याला कडक ऊन लागतं.

धागाकर्ती:
अरे बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण वर्षातून एकदाच छाटली तर खालून विरळ होणार नाही का? डुकरं बुडातूनच घुसतात. आणि जूनमध्ये गडी मिळणं म्हणजे, लावणी सोडून कोण येतंय?

प्रतिसाद:
मग दोन बाजू वेगळ्या धरा. रस्त्याकडची बाजू आणि खालचे दोन-अडीच फूट हवं तेव्हा छाटा, तिथे दाटी हवी. परड्याकडची बाजू आणि माथा मोकळा सोडा, करवंदं तिथून घ्या. आमच्याकडे असंच आहे, दिसायला वेडंवाकडं दिसतं, पण शोभेसाठी थोडंच लावलंय.

खिंडारांसाठी बी चालेल, फक्त ताजं हवं. पिकलेल्या फळाचं बी धुवून लगेच पिशवीत लावायचं, सुकवून डब्यात ठेवलं तर उगवणीची शक्ती जाते. बियांची रोपं सगळी एकसारखी निघत नाहीत, एखादं आंबट ढाण निघेल, आणि फळाला तीन-चार वर्षं थांबावं लागतं. चांगल्या चवीची जाळी माहीत असेल तर पावसाळ्यात तिच्यावर गुटी बांधा (म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणून रोप करायचं). मोठं फळ हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' जात आहे, तिची रोपं विचारा. नर्सरीत कधीकधी गुलाबी-पांढरं करवंद गळ्यात मारतात, ते लोणचं-मुरांब्याला छान, पण नुसतं खायला आपल्या काळ्याची सर नाही. कुंपणात दोन-तीन फुटांवर एक रोप पुरे. कातळ असेल तर खड्ड्यात पाणी साचत नाही ना एवढं बघा, साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात.

धागाकर्ती:
खूप आभार. सासऱ्यांना फोन केला, ते म्हणाले "मी सांगतच होतो युरिया नको", असं ते कधीच म्हणाले नव्हते :) यंदा दिवाळीची छाटणी रद्द. एक शेवटचं, कच्ची करवंदं लोणच्यासाठी चिरताना चीक बोटांना असा चिकटतो की साबणानेही जात नाही, काय करता?

प्रतिसाद:
फणसासारखंच, आधी हाताला आणि सुरीला खोबरेल चोळायचं. चिरलेली फोड थेट मिठाच्या पाण्यात टाकायची. आणि अंगावर जुने कपडे, तो डाग काही जात नाही.