‘नुसतं हिरवंगार होतं’ याच्या पुढचं सांगा!

घरच्यांबरोबर गावाकडे जाऊन आलं की “कसं होतं?” याला आपलं उत्तर ठरलेलं, “सगळीकडे नुसतं हिरवंगार!” फोटोही तसेच, मागे डोंगर आणि पुढे मावतील तेवढी माणसं. या धाग्यावर त्याच्या पुढचं लिहा. त्या हिरव्यात नेमकं काय पाहिलंत? आणि ते कुणी दाखवलं?

भाचीबाई
आत्याकडे सकाळी बांधावरून फेरी ठरलेली. आमची मंडळी दवाचे फोटो काढण्यात दंग. आत्या म्हणाली, “खाली बस आणि नीट बघ.” गवताच्या प्रत्येक पात्याच्या अगदी टोकाला एकेक टपोरा थेंब, मधलं पातं मात्र कोरडं. दव असं जागा निवडून पडत नाही, ते पानभर बसतं. हे पाणी गवताने स्वतःच बाहेर टाकलेलं. रात्री हवा दमट असली की पानांतून वाफ फारशी जात नाही, मुळं मात्र ओल्या मातीतून पाणी ओढतच राहतात. मग ते टोकाजवळच्या छिद्रांतून असं बाहेर येतं.
आत्या वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे फेरी कमी आणि तास जास्त. माझ्या मुलाने एक थेंब बोटाने टिपला आणि दुसरा येतो का बघायला तिथेच उकिडवा बसला. ऊन चढलं तरी उठेना, शेवटी उचलून आणला.

उगाचच
+१. आमच्या पोरांचं लाजाळूपाशी असंच होतं. मिटवायची घाई सगळ्यांना, उघडेपर्यंत थांबायला कुणी तयार नाही.

खाचरातला
मी जरा वेगळं लिहितो. काका भात लावतात. गाडीतून उतरल्या उतरल्या बायको म्हणाली, “काका, ते शेत किती सुंदर हिरवं आहे!” काका काही खुलले नाहीत. “ते काळपट दिसतंय ना? तिथे युरिया जास्त झालाय.” नत्र जास्त झालं की भात गडद हिरवा आणि लुसलुशीत होतो, त्यावर कीड जास्त येते आणि जोराच्या वाऱ्यात तो आडवा पडतो. कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. पानाशी रंग जुळवून खत ठरवायला हिरव्या छटांची पट्टी मिळते, काकांना ती लागत नाही. तेव्हापासून आम्ही शेताचं कौतुक काकांचा चेहरा बघून करतो.

तळ्याकाठी
खाचरातला, अगदी अगदी. सासुरवाडीजवळचं तळं या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं, वर जांभळी फुलं. पाहुणे खूश, मेव्हणा वैतागलेला, कारण लहानपणी तो त्याच पाण्यात पोहायला शिकला. ती जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेतली, आता उष्ण प्रदेशांत जगभर पसरलेली. पाणी पार झाकून टाकते, खाली उजेड जात नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात. कुणी हिरवंगार म्हणालं की मी आता आधी विचारतो, कशाने?

मधली सून
माझा अनुभव सासूबाईंचा आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्या पहिल्यांदाच गावी आल्या. अंगणात खुर्ची टाकून बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “अगं, हा बांबू निळसर होता होय?” मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग मंदावतो. हे इतकं सावकाश होतं की माणसाच्या लक्षात येत नाही. त्यांना सगळी झाडं पिवळट दिसायची आणि ती तशीच असतात असं वाटायचं. मग आम्हाला फर्मान निघालं, एकेक पान तोडून आणा. मांडीवर पानं मांडून त्यांनी निळसर हिरवी एकीकडे, पोपटी दुसरीकडे अशी वाटणी केली. सासरे म्हणाले, “आता माझं नीट बघ.” त्यावर, “तुम्ही पूर्वी बरे दिसायचात!”

धागाकर्ती
सासूबाईंना दंडवत! भाचीबाई, आत्याला एक विचारा ना, बऱ्याच झाडांची कोवळी पानं आधी तांबूस का असतात?

भाचीबाई
विचारलं. म्हणाली, कोवळ्या पानात हरितद्रव्य भरायला वेळ लागतो, आणि तोवर तो तांबडा रंग नाजूक पानाला कडक उन्हापासून जपतो असं मानतात. वर मलाच ऐकवलं, “तू इतक्या वेळा आलीस, हे कधी विचारलं नाहीस. पुढच्या वेळी त्या बाईंना पाठव.”