मदत हवी आहे: डिप्रेशनच्या गोळ्यांनी टोचणं थांबलं, पण भरून येणंही थांबलं

नमस्कार. गोळ्या बंद करू का, असं मी विचारत नाहीये. स्वतःच्या मनाने तर त्या अजिबात बंद करणार नाही. पण आता मनाला जो कोरडेपणा आलाय तो गोळीमुळे की आजारच थोडा उरलाय, हे ओळखायचं कसं? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

आईला डिप्रेशन होतं, मावशीलाही. मी पहिल्यापासून मनाला लावून घेणारी. गेल्या दिवाळीनंतर दुसऱ्यांदा आजार उलटला आणि एस्सिटॅलोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी सुरू झाली, आधी ५ मिलिग्रॅम, मग १०. सुरुवातीला धडधड वाढली, उगाच घाबरल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून निभावलं.

पुढे जे झालं त्याचं मला अजून नवल वाटतं. भाजीची पिशवी हातात घेताना सासूबाई म्हणाल्या, "एवढीच आणलीस?" एरवी हे वाक्य रात्री दोनपर्यंत डोक्यात घोळलं असतं. मला घर चालवता येत नाही, सगळ्यांना तसंच वाटतं, आणि पुढे बरंच काही. त्या दिवशी मी म्हटलं, "अहो आई, मेथी पार सुकलेली होती," आणि कणीक मळायला घेतली. संध्याकाळी लक्षात आलं, आपल्याला काही लागलंच नाही. तेव्हा झोप धड नव्हती, उदासीही होती तशीच होती.

म्हणून वाचायला घेतलं. ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं यावरच काम केलंय. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी निरोगी माणसांना ७ दिवस सिटॅलोप्रॅम (माझ्या गोळीचंच जवळचं भावंड) किंवा रिबॉक्सेटिन (डिप्रेशनचंच दुसरं औषध) दिलं. मूड होता तसाच राहिला, पण फोटोतले रागावलेले आणि घाबरलेले चेहरे त्यांना कमी ओळखू आले, आणि वाईट शब्दांच्या मानाने चांगले शब्द जास्त लक्षात राहिले. आजारी नसलेल्या पण डिप्रेशनकडे कल असलेल्या लोकांनाही त्यांच्या गटाने ७ दिवस सिटॅलोप्रॅम देऊन पाहिलं. स्वतःला लागू होणारे वाईट शब्द वाचताना मेंदूच्या पुढच्या भागात जी हालचाल होते, ती कमी झाली. म्हणजे गोळी थेट आनंद देत नाही. आधी समोरच्या गोष्टीचा वाईट अर्थ लावण्याची सवय सैल होते, मग रोजचे साधे प्रसंग साठत जातात आणि काही आठवड्यांनी मूड वर येतो, अशी त्यांची मांडणी आहे. माझ्या बाबतीत तरी अगदी तसंच झालं.

आता अडचण. माहेर पुण्यात नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाच्या देवळाजवळ. तुकोबांची पालखी तिथे मुक्कामाला असते. टाळ ऐकू आले की मला लहानपणापासून भरून येतं. यंदा रांगेत उभी राहिले, पादुकांवर डोकं टेकवलं, आणि काहीच झालं नाही. शेजारी एक बाई हमसून रडत होत्या, मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. घरीही तेच. लेक शाळेतलं काही रंगवून सांगते, मी हसते, पण आत काही हलत नाही.

डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर गर्दी. "बरं वाटतंय ना?" "हो." संपलं. हे त्यांच्यापुढे मांडायचं कसं? डोस कमी करून किंवा गोळी बदलून कुणाला फरक पडलाय का?

प्रतिसाद:
ताई, मी मानसशास्त्र शिकतेय, डॉक्टर नाही. या बोथटपणाची तक्रार खूप जण करतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत डिप्रेशनची औषधं घेणाऱ्या ४६ टक्के लोकांनी तो जाणवतो असं सांगितलं. पण ज्यांचं डिप्रेशन पुरतं गेलं नव्हतं त्यांच्यात तो जास्त होता, त्यामुळे सगळा दोष गोळीला देता येत नाही. २०२३ मध्ये केंब्रिजच्या गटाने निरोगी लोकांना किमान ३ आठवडे एस्सिटॅलोप्रॅम दिलं, तेव्हा बक्षीस मिळालं की चुकलं यावरून पुढची निवड बदलण्याची संवेदनशीलता कमी झालेली दिसली. म्हणजे गोळीचाही हात असू शकतो.
गोळी की उरलेला आजार, याचा अंदाज यावा म्हणून विचारते: तुम्हाला पालखीला जावंसं वाटलं होतं का? अपराधी वाटणं, सकाळी उठवत नसणं हे अजून आहे का?

प्रतिसाद:
मी यातून गेलोय. बाबा वारले तेव्हा रडू आलं नाही, तेव्हा जाणवलं. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवला. थोडी ओल परत आली, पण जुने विचारही डोकं वर काढायला लागले. मग त्यांनी औषध बदललं, ते मला मानवलं. तुमचं तसंच होईल असं नाही. घाई मात्र करू नका, एकदा प्रवासात गोळ्या संपल्या तर चक्कर आणि डोक्यात विजेसारखे झटके आले होते.
डॉक्टरांकडे कागदावर लिहून न्या. 'बरं वाटत नाही' असं मोघम नको, पालखीचा प्रसंग जसा इथे लिहिलात तसाच लिहा. मिस्टरांना सोबत न्या, घरच्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. आणि मध्येच रात्री-अपरात्री फार वाईट वाटलं तर १४४१६ वर फोन करा, ही सरकारची टेली मानस सेवा आहे, मराठीत बोलतात.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. हो, जावंसं वाटलं होतं, महिनाभर आधीपासून. सकाळी उठते, डबे होतात, अपराधी वाटणं जवळजवळ गेलंय. म्हणजे गोळीकडे बोट जातंय, पण ठरवतील डॉक्टरच. कागद आजच लिहिला, नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "चिडणंही कमी झालंय तुझं, तेही लिही." लिहिलं.
अजून एक विचारते. डोस कमी करायचा ठरला तर सोबत समुपदेशन सुरू करावं असं वाटतंय. कोथरूड-कर्वेनगर बाजूला सीबीटी (विचारांच्या सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) करणारं, संध्याकाळी सातनंतर वेळ देणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.