जीएनएम सेकंड इयरचा रोटेशन प्लॅन पावसाळ्याप्रमाणे लावता येतो का?

यवतमाळची ट्यूटर

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेकडच्या पट्ट्यात एका जीएनएम (नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा) स्कूलमध्ये मी ट्यूटर आहे. सेकंड इयरचं मेडिकल सर्जिकल माझ्याकडे आहे आणि पुढच्या वर्षाचा मास्टर रोटेशन प्लॅन (कोणतं युनिट आणि कोणती पोस्टिंग कधी, याचं वर्षभराचं वेळापत्रक) बनवायचं काम यंदा माझ्याकडे आलंय.

अडचण अशी आहे. प्रवेश लांबतात, म्हणून आमचं वर्ष नोव्हेंबरात सुरू होतं. पुस्तकाच्या क्रमानं पोटाचे, छातीचे, हृदयाचे आजार करत करत उन्हाळा लागतो. विषबाधा आणि सर्पदंश इमर्जन्सीच्या युनिटमध्ये येतात, म्हणजे पार शेवटी. जुलै ते सप्टेंबर कपाशीवर फवारण्या चालतात, वावरात साप निघतात, स्क्रब टायफसचे (बारीक किड्याच्या चाव्यानं होणारे) ताप येतात. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या मुली मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगला नागपुरात असतात. परत आल्या की लगेच परीक्षेची तयारी.

मागच्या ऑगस्टात दुपारपाळीला वॉर्डात होते. फवारणी करून आलेला एक तरुण मजूर होता. घामानं चिंब, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सिस्टर एकटीच, दर पाच मिनिटांनी ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचं औषध. तिच्या हाताखाली फर्स्ट इयरची मुलगी, जिला टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं) आणि बीपी एवढंच येत होतं. ती नाडी मोजत राहिली आणि बरोबर मोजत राहिली. पण नाडी किती झाली की औषध पुरेसं झालं असं समजायचं, हे तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं, कारण तो धडा तिच्या वर्षाला नाही. ज्यांच्या वर्षाला आहे त्या तिथे नव्हत्या. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीनं इतके शेतकरी आणि मजूर दगावले, देशभर बातमी झाली. त्या जिल्ह्यातली नर्स असा पेशंट न बघताच पास होते, हे मला सहन होत नाही.

मग एप्रिलमध्ये ऑर्गनोफॉस्फरस पॉयझनिंगचा, म्हणजे याच फवारणीच्या विषबाधेचा, केअर प्लॅन मागच्या बॅचच्या वहीतून उतरवला जातो. पुस्तकातलं नर्सिंग डायग्नोसिस जसंच्या तसं. पेशंटचं वय आणि गाव तेवढं बदललेलं.

कला शाखेतून आलेल्या मुलींना इंग्रजी जड जातं, असं आमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये निघतं. ते खरंच आहे. जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेतून चालते, आणि ॲनाटॉमीचं पुस्तक उघडलं की मुलींचे चेहरे उतरतात. पण जो पेशंट डोळ्यांनी पाहिला, त्याचं इंग्रजी पान याच मुली एकमेकींना विचारत रात्री वाचून काढतात. न पाहिलेला आजार मराठीत सांगितला तरी टिकत नाही. म्हणून मला भाषेइतकीच, कदाचित जास्तच, वेळापत्रकाची काळजी वाटते.

नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमात विषयाचे तास ठरलेले आहेत. कोणतं युनिट कोणत्या महिन्यात घ्यायचं, याचं बंधन मला तरी कुठे दिसलं नाही. कुणी असा प्लॅन केलाय का? इन्स्पेक्शनला काय विचारतात?

निवृत्त ट्यूटर, वर्धा

बाई, तुमचं वाचन बरोबर आहे. तास पुरे झाले पाहिजेत, युनिट मागेपुढे करता येतात. इन्स्पेक्शनमध्ये पाहतात ते एवढंच, की भिंतीवरचा प्लॅन, हजेरीपट आणि हॉस्पिटलचं परवानगीपत्र एकमेकांशी जुळतं का. वर्षाच्या मध्यात बदल केला की तिथे अडतं. म्हणून आत्ताच, वर्ष सुरू व्हायच्या आधी, प्राचार्यांच्या सहीनं करून घ्या.

पण एक सांभाळा. युनिट पुढे आणायचं म्हणजे त्याचा पाया पण पुढे आणायचा. श्वसनाचं आणि मज्जासंस्थेचं युनिट झालेलं नसेल तर ॲट्रोपिनचा चार्ट मुली यंत्रासारखा भरतील. ही दोन युनिटं मार्चपर्यंत संपवा. मे-जूनमध्ये इमर्जन्सीची थिअरी आणि लॅब घ्या. जुलैच्या मध्यापासून वॉर्ड.

मानसिक आरोग्य हिवाळ्यात न्या. नागपूरच्या जागांसाठी सगळ्यांचीच घाई असते, पत्र लवकर गेलं तरच डिसेंबर-जानेवारी मिळेल. आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. तुमच्या वॉर्डात येणारं प्रत्येक विष काही फवारणीचं नसतं. ज्यानं ते स्वतःहून घेतलं, तो शुद्धीवर आल्यावर त्याच्याशी कोण बोलतं? पोलिसांचा जबाब होतो, नातेवाईक रागावतात, दोन दिवसांनी घरी. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ चं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याला उपचार आणि आधार द्यायचा. मुली नागपूरहून हे शिकून आल्या असतील तर पावसाळ्यात तुमच्याच वॉर्डात ते करून बघतील. तुमची अदलाबदल यासाठी पण योग्य आहे.

आधी जीएनएम साडेतीन वर्षांची होती, २०१५ च्या अभ्यासक्रमानं तीन वर्षांची झाली. तेव्हापासून मोकळे आठवडे राहिलेच नाहीत, त्यामुळे जे आहे ते विचारानं मांडावं लागतं.

इन्चार्ज सिस्टर, ग्रामीण रुग्णालय, चंद्रपूर

मी वॉर्डाच्या बाजूनं सांगते. मुली एकदम पंधरा पाठवू नका मॅडम. बेड वीस आणि मुली पंधरा, मग त्या भिंतीला लागून उभ्या राहतात. चार-चार पाठवा आणि सोबत ट्यूटर द्या. ट्यूटर नसली की आम्ही त्यांना बीपी घ्यायला आणि लॅबमध्ये सॅम्पल पोचवायला लावतो. दुसरा उपाय नसतो आमच्याजवळ, स्टाफच कमी आहे.

पाळीचा पण विचार करा. विद्यार्थिनी आठ ते दोन. फवारणीवाले येतात दुपारनंतर. मण्यार चावते रात्री, खाली झोपलेल्या माणसाला, आणि तो पहाटे येतो पापण्या जड झालेल्या घेऊन. सकाळपाळीत यातलं काही दिसत नाही.

लॅबमध्ये दोन गोष्टी पक्क्या करून पाठवा. एक, २० मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट. कोरडी, स्वच्छ काचेची नळी, दोन मिली रक्त, हात न लावता २० मिनिटं ठेवायची, मग एकदाच तिरपी करून बघायची. प्लास्टिकच्या नळीत केली तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. मुली मध्येच हलवून पाहतात, सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. घोणस चावलेल्याचं रक्त पातळच राहिलं की डॉक्टर एएसव्हीचा (सापाच्या विषावरच्या औषधाचा) निर्णय घेतात, म्हणजे मुलीच्या हातातल्या नळीवर पुढचं ठरते.

दुसरी, ॲट्रोपिन पुरेसं झालं हे कसं ओळखायचं. छाती साफ, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काख कोरडी, बाहुल्या टाचणीएवढ्या राहिलेल्या नाहीत. पेशंट बडबडायला लागला, अंग तापलं, पोटाचा आवाज बंद झाला, तर औषध जास्त झालं, लगेच सांगायचं. आणि कपडे काढून साबण-पाण्यानं अंग धुणं, स्वतः ग्लोव्हज घालून. हे आधी शिकवा. पोरी उघड्या हातानं कपडे काढतात तर जीव घाबरतो माझा.

पीएचसी स्टाफ नर्स

मॅडम, मी झरीकडच्या पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, जीएनएम होऊन पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) कंत्राटी आहे. प्लॅन करताना एक अजून बघा. दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत घरी कापूस वेचणी असते. आई एकटी वेचते, मजूर मिळत नाही, फोन येतो की आठ दिवस ये. मी जायची. हजेरी कमी पडायची, आणि त्या आठवड्यात जे शिकवलं ते राहून जायचं. फीचा हप्ता पण कापूस विकल्यावरच भरता यायचा. ऑफिसात त्याआधीच फी थकलेल्यांच्या यादीत नाव लागायचं. तेव्हा लाज वाटायची, त्यामुळे वर्गात प्रश्न विचारायची हिंमत राहायची नाही.

वेचणीच्या आठवड्यांत अवघड युनिट ठेवू नका. जमलं तर हप्त्याची तारीख पण पुढे न्या.

आणि मला वर्गात कधी कुणी विचारलं नाही, पण वॉर्डात कोलाम म्हातारी आली की सिस्टर मलाच हाक मारायच्या. हिस्टरी (आजाराची विचारपूस) मीच घ्यायची. माझ्यासोबतची एक तांड्यावरची होती, ती गोरमाटीत (बंजारा बोलीत) बोलायची. इंग्रजीत आम्ही मागे होतो, पण पेशंट आमच्याशी बोलायचे. हिस्टरीला गुण ठेवले तर आमच्यासारख्या मुली पुढे येतील.

यवतमाळची ट्यूटर

तिघींचे मनापासून आभार. निवृत्त मॅडम, मार्चपर्यंतची दोन युनिटं आणि मे-जूनची लॅब मी प्लॅनमध्ये टाकली. नागपूरसाठी डिसेंबर-जानेवारीचं पत्र याच आठवड्यात प्राचार्यांसमोर ठेवते. त्यामुळे वेचणीचे शेवटचे आठवडे नागपूरच्या पोस्टिंगवर येतात आणि त्या काळात मुलींना घरी जाता येणार नाही, हे स्टाफ नर्स ताईंचं वाचल्यावर लक्षात आलं. म्हणून पोस्टिंग १५ डिसेंबरनंतर मागते. नोव्हेंबरात फक्त उजळणी आणि नर्सिंग फाउंडेशनची प्रॅक्टिकल्स ठेवते.

हप्त्याची तारीख माझ्या हातात नाही. पण संस्थेच्या बैठकीत मांडेन, आणि जोर लावून मांडेन.

सिस्टर, चार-चारच्या तुकड्या आणि दुपारपाळी मान्य. रात्रपाळीला मुली द्यायच्या तर होस्टेलपासून ने-आण आणि सोबत ट्यूटर लागेल. आम्ही दोघीच आहोत. पावसाळ्यातल्या सहा आठवड्यांपुरती आठवड्यातून एक रात्र मी स्वतः घ्यायला तयार आहे. कुणाकडे विद्यार्थिनींची रात्रपाळी चालू असेल तर पालकांचं संमतीपत्र कसं लिहून घेता, तेवढं इथे टाका.

हिस्टरीचे गुण अंतर्गत मूल्यमापनात बसतात. मी ते पहिल्याच युनिटपासून लावते.