जेवणानंतर पोट फुगते : ओवा द्यावा की धने-जिऱ्याचा कषाय?

प्रश्न (खानापूर तालुका)
नमस्कार. माझे वडील सत्तरीचे आहेत. जांबोटीच्या बाजूला पाऊस लागला की त्यांचे फिरणे घरापुरते उरते आणि रात्री मसुराची आमटी किंवा कुळथाचे पिठले झाले की पोट फुगून त्यांना झोप लागत नाही. आई जेवणानंतर ओवा आणि पादेलोण देते. शेजारच्या अक्का मात्र धने-जिऱ्याचा कषाय रोज घ्यायला सांगतात. वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. यांपैकी काय द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (शहापूर, बेळगाव)
ओवा द्यायला हरकत नाही, पादेलोण मात्र बंद करावे. सैंधव काय किंवा पादेलोण काय, शेवटी ते मीठच असल्यामुळे रक्तदाब असलेल्या माणसाला ते रोज वरून देणे बरे नव्हे. अर्धा चमचा ओवा कोरड्या तव्यावर मंद आचेवर, वास नाकात झोंबू लागेपर्यंत परतावा, तळहातावर चोळावा आणि कोमट पाण्याबरोबर द्यावा. ओव्याला हा झोंबणारा वास थायमॉलमुळे येतो आणि ते उडून जाणाऱ्या तेलात असते, म्हणून उघड्या भांड्यात ओवा फार वेळ उकळू नये. अक्कांचा कषाय अधिक सौम्य आहे. तो सावकाश घेतला तरी चालेल, फक्त त्यात गूळ बेताचा असावा. त्याआधी एक गोष्ट मात्र नीट विचारून घ्या : नुसते फुगते, की छातीत जळजळ होऊन आंबट ढेकरही येतात? जळजळ असेल तर ओवा, मिरी आणि सुंठ यांनी त्रास वाढू शकतो.

उत्तर (निपाणी)
मला वाटते, उपाय आधी आमटीच्या पातेल्यात करायला हवा. मसूर आणि कुळीथ यांतील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जीवाणू त्या आंबवतात आणि त्यातून वायू होतो. अख्खा मसूर रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिले, तर या शर्करांचा काही भाग पाण्याबरोबर निघून जातो. फोडणीला हिंग आणि आले असावे. बाजारातल्या बांधणी हिंगात बहुधा मैदा किंवा डिंक मिसळलेला असतो, तेव्हा गव्हाचे वावडे असलेल्यांनी डबीवरचे घटक वाचूनच ते घ्यावे. अनेक घरांत पहिल्या घासाला तुपातून हिंग्वाष्टक चूर्ण घेतात. ते चांगलेच आहे, पण त्याच्या आठ घटकांत सैंधवही असते, हे तुमच्या वडिलांच्या बाबतीत विसरून चालणार नाही. जड कडधान्य रात्री न करता दुपारी करावे, हेही सुचवतो.

उत्तर (चिकोडी)
वरील सल्ला योग्य आहे. तथापि घास अडकणे, काळी शौच, वजन घटणे किंवा वारंवार उलटी यांपैकी काहीही असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. पोटाच्या वरच्या भागात दडपण येऊन घाम सुटला, तर तो गॅसच आहे असे गृहीत न धरता ताबडतोब दवाखाना गाठावा, कारण या वयात हृदयाचा त्रासही असाच जाणवू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते आणि त्यानेही पोट फुगते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर सुंठ किंवा आले औषध म्हणून देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. जळजळ नाही, पण शौचाला खडा होतो, असे वडिलांनी आत्ताच सांगितले. पादेलोण आजपासून बंद करतो आणि गोळीबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारून येथे कळवतो.